माळवदावर वाळत घातलेला समुद्र

दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फाळ समुद्रातून जहाजानं मुंबईला, मुंबईहून आगगाडीनं परभणीला आणि स्टेशनावरून टांग्यानं कॉलेजात आलेला संशोधनाचा माल मी भर मे महिन्यात मावशीच्या माळवदावर, कुरडयांच्या शेजारी, मीठ लावून वाळत घातला होता. झालं, लिहून टाकलं. आता संपादकांनी खुशाल छापावं आणि नातवंडांनी खुशाल हसावं.

हसू नका म्हणायचा हक्क मला नाहीच. त्या पोरीला, म्हणजे तेव्हाच्या मला, सगळ्यांत जास्त मीच हसत आलेय. दोन वेण्या, नाकावरून घसरणारा चष्मा, नवीकोरी बी.एस्सी. आणि चालण्यात असा तोरा, की जणू समुद्राच्या किल्ल्या हिच्याच कमरेला. समुद्र मात्र बाईंनी पाहिलेला नव्हता. पाणी म्हणजे गोदावरी, आणि बर्फ म्हणजे गाडीवरचा लाल-हिरवा गोळा, एवढाच अनुभव.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ही गोष्ट. आमचे वडील सेलूला कापसाचे अडते. घर लिंगायत, कांदा चालायचा पण अंड्याचं नाव काढलं तरी आजी चूळ भरायची. मला परभणीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी लागली तेव्हा वडिलांनी विचारलं, "काय काम असतंय?" मी म्हणाले, "किडे मोजायचे." त्यांना वाटलं बोंडअळी. कापसाच्या माणसाला बोंडअळी मोजणारी मुलगी म्हणजे अभिमानाचीच गोष्ट. ते म्हणाले, "मोज. पण नोकरी सुटली की त्या दिवशी सेलूची गाडी धरायची. जिनिंगवाल्यांचं स्थळ थांबून हाय."

हे जिनिंगवाले, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीचे चिरंजीव, मी एकदा पाहिले होते. बोलताना ते माझ्याकडं न बघता स्वतःच्या नव्या घड्याळाकडं बघत होते. त्यामुळं नोकरी टिकवणं हा माझ्या जिवाचा प्रश्न होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

आता परभणीत ध्रुवाचा समुद्र आला कुठून? आमचे मुळावेकर सर तरुणपणी किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत काम केलेले. आई अंथरुणाला खिळली म्हणून गावाकडं परत आले, पण मनानं ते कायम खाऱ्या पाण्यातच. त्यांचा एक वर्गमित्र परदेशी जहाजावरून थेट दक्षिणेच्या बर्फापर्यंत जाऊन आला होता. तिथं जाळ्यात सापडलेल्या क्रिल नावाच्या प्राण्याचे गोठवलेले डबे त्यानं जागोजागच्या ओळखीच्या लोकांना मोजायला वाटले, आणि दोन डबे सरांनी हट्टानं मागून घेतले. सरांनी कॉलेजच्या कोपऱ्यातल्या खोलीवर पाटी लावली, 'ध्रुवीय सागरी जीव कक्ष'. कक्षात एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, एक फ्रीज, सर आणि मी.

क्रिल म्हणजे कोळंबीची चुलत बहीण. करंगळीच्या दोन पेरांएवढी, लालसर, अंग काचेसारखं, आणि मोहरीसारखे दोन काळेभोर डोळे. बर्फाळ समुद्रात यांचे थवेच्या थवे असतात आणि देवमासे, सील, पेंग्विन सगळे यांच्यावरच जगतात. तेव्हा माणसाचंही लक्ष तिकडं गेलं होतं. मोठमोठी जहाजं जाऊन क्रिल उपसू लागली होती. मग किती उपसावं? काय ठेवावं? हे ठरवायचं तर आधी समुद्रात लहान किती, मोठी किती, अंड्यावरच्या माद्या किती, हे कळलं पाहिजे. सर म्हणायचे, "गिरिजाबाई, बियाण्याची ज्वारी दळून खाल्ली तर पुढच्या साली पेरायचं काय? तसंच आहे हे. आपण समुद्राचं बियाणं मोजतोय."

माझं काम म्हणजे एकेक क्रिल चिमट्यानं उचलायचा, डोळ्याच्या पुढच्या कडेपासून शेपटीच्या टोकापर्यंत पट्टीवर मोजायचा, नर की मादी ते भिंगाखाली बघायचं आणि आकडा लिहायचा. मग दुसरा. मग तिसरा. ज्वारीची रास निवडण्यासारखंच, फक्त ही रास तुमच्याकडं टक लावून बघत असते. पहिल्या आठवड्यात मला स्वप्नातसुद्धा डोळेच दिसायचे. लिंगायताच्या पोरीला हा सोवळ्या-ओवळ्याचा केवढा पेच! गळ्यातलं लिंग मी पदराखाली घट्ट गुंडाळायची, घरी जाताना कॉलेजच्या नळावर शिकेकाईनं कोपरापर्यंत हात धुवायची, आणि तरी मांजरं माझ्या मागं मावशीच्या दारापर्यंत यायची.

पाटीमुळं आमच्याकडं गिऱ्हाइकंही विचित्र यायची. एकदा ताडकळसचे एक शेतकरी बाजार सोडून धोतर झटकत आत आले. म्हणाले, "देवमासा बघायला आलोय."

मी म्हणाले, "देवमासा नाही इथं. देवमाशाचं जेवण आहे."

त्यांनी ताटलीत वाकून बघितलं. "हे? हे खाऊन हत्तीपेक्षा मोठा व्हतो?"

"कितीतरी हत्तींएवढा."

गृहस्थांनी ताटलीत पुन्हा एकदा वाकून बघितलं. मग म्हणाले, "माझा बैल सरकी खाऊन वाळायलाय. मूठभर द्या की!" नाही म्हटल्यावर ते जाताना सरांना सांगून गेले, "पोरगी चिक्कू हाय तुमची."

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. एका डब्यातला निम्मा माल मोजून झाला होता. दुसरा डबा सरांनी धोका नको म्हणून बर्फाच्या कारखान्यात ठेवायला दिला होता. कारखाना कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर, आणि वीज गेली तरी त्याचं स्वतःचं डिझेल इंजिन चालायचं. ही गोष्ट मी मुद्दाम आत्ताच सांगून ठेवते. पुढं माझी अक्कल मोजायला उपयोगी पडेल.

मे महिन्यात सर भाचीच्या लग्नाला लातूरला गेले. जाताना म्हणाले, "गिरिजाबाई, फ्रीज सांभाळा." आणि ते गेले त्याच दिवशी वावटळीनं विजेचा खांब आडवा केला. फ्रीज बंद पडला. परभणीचं ऊन तुम्हाला ठाऊक असेल. लोखंडी कडीला हात लावला तर फोड येतो. दुसऱ्या दिवशी मी फ्रीज उघडला तर आतून समुद्रानं असा काही श्वास सोडला, की मी दाराला धरून उभी राहिले.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? डबा उचलून बर्फाच्या कारखान्यात नेला असता. चालत. डुलत. गाणं म्हणत. पण मी शहाणी कुठली, मी तर बी.एस्सी. होते. माझ्या डोक्यात आईचा आवाज घुमला. आमच्या घरी उन्हाळ्यात नासायला लागलेल्या प्रत्येक वस्तूवर एकच इलाज होता, मीठ लाव आणि उन्हात टाक. कैरी असो, मिरची असो, गवार असो. मी डबा पिशवीत घातला, वर वर्तमानपत्र झाकलं आणि मावशीच्या घरी आले.

मी मावशीकडं राहायची. माझी मावशी बाळाबाई विधवा, कडक, रोज लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारी. नाक असं, की तिसऱ्या घरातली फोडणी करपली तर ही इथं चिमटा शोधायची. तिचं धाब्याचं घर होतं आणि वर मातीचं सपाट माळवद. तिथं तिच्या कुरडया-पापडांचं वाळवण पडलेलं. मी कडेला जुनं लुगडं अंथरलं आणि देवमाशाचं जेवण मीठ लावून पसरलं. वळून बघते तर मावशी जिन्यात उभी.

"काय गं गिरजे, हे काय वाळू घालायलीस?"

"मिरच्या, मावशी," मी म्हणाले. "लवंगीची नवी जात. कॉलेजनं काढलीय."

मावशी जवळ आली. वाकली. नाकाला पदर लावला. "मिरचीला असला वास?"

"विलायती खत घातलंय."

"हं," मावशी म्हणाली. "कावळे लय झालेत. मी बसते राखणीला. तू जा, झोप जरा."

आणि मी, काय सांगू तुम्हाला, खरंच खाली जाऊन झोपले. लिंगपूजा करणारी माझी मावशी हातात काठी घेऊन भर उन्हात, डोक्यावर ओलं फडकं टाकून, क्रिलवरचे कावळे हाकत बसली होती आणि मी पंख्याशिवाय घोरत होते. जिंकल्याचा केवढा आनंद! मावशीला कसं गुंडाळलं, म्हणून मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

आमच्या माळवदाला लागूनच वाघमारे बाईंचं माळवद. बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका, नवरा रेल्वेत, आणि दारात पाच-सहा कोंबड्या. घरात बाबासाहेबांचा फोटो, फोटोखाली पुस्तकांची फळी, आणि फळीखाली खुडूक कोंबडीची टोपली. बाईंनी संध्याकाळी कठड्यावरून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, ही तर सुकट हाय."

"शू! मिरच्या आहेत."

बाईंनी एकदा मावशीच्या जिन्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "मिरच्याच हायेत," त्या म्हणाल्या. "आमी बाजारातून आणतो ती मिरची एवढी मोठी नसते, एवढंच." आणि हसू दाबत खाली गेल्या.

माल कडकडीत वाळला. वास बराच कमी झाला. वीज आल्यावर मी तो कॉलेजात नेला आणि राहिलेली मोजणी झपाट्यानं उरकली. वाळलेला क्रिल निसटत नाही, ताटलीत पाणी साचत नाही, किती सोय! ही पद्धत आजवर कुणाला कशी सुचली नाही, याचं मला नवल वाटत होतं. सरांना सांगून त्यांना थक्क करावं असंही मनात आलं, पण विनय आडवा आला.

सर लातूरहून आले, कागद घेऊन बसले, आणि थक्क झालेच.

"गिरिजाबाई, हे बघा. आधी मोजलेले क्रिल केवढे लांब आणि नंतरचे केवढे आखूड! एकाच डब्याच्या वरच्या थरात मोठे, खालच्या थरात लहान. म्हणजे दोन निरनिराळ्या ठिकाणची पकड असणार. आणि दुसऱ्या ठिकाणी मोठे क्रिल उरलेलेच नाहीत! जहाजांनी उपसून नेले. बियाणं संपत आलंय हो!"

त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढं कुरडई आली. साच्यातून पडते तेव्हा कशी जाड, टपोरी असते, आणि वाळली की दोऱ्यासारखी. जन्मभर कुरडया घातलेल्या पोरीला वाळवण आखडतं हे माहीत नव्हतं, यावर कोण विश्वास ठेवेल? पण पट्टी हातात घेतली की घरची अक्कल उंबऱ्याबाहेर ठेवायची असते, असा माझा समज होता.

मी पट्टी हळूच खणात सारली. सर मात्र खुर्चीवर ठरेनात. "मित्राला आजच तार करतो. त्यांची मंडळी बसून पुढच्या हंगामाचं ठरवतायत. त्यांना हे कळलंच पाहिजे." त्यांनी तार लिहिली, 'मोठे क्रिल नाहीसे. पकड थांबवावी. पत्र मागून.' आणि ती माझ्याच हाती दिली. "पोस्टात देऊन या."

तो रस्ता मी कधी विसरणार नाही. एकीकडं वाटत होतं, जाऊ दे तार, थांबली पकड तर देवमाशांचं भलंच होईल. मी पुण्यच करतेय की! दुसरीकडं वाटत होतं, उद्या बाकीच्यांनी मोजलेले आकडे येतील आणि सगळ्या जगात एकट्या परभणीचे क्रिल आखूड निघतील. सर बिचारे खोटे पडतील. नंतर ते खरंच बियाणं संपलं म्हणून ओरडले तरी कोण ऐकेल? आणि तिसरीकडं, खरं सांगावं तर सर्वांत मोठ्यानं, ते जिनिंगवाल्यांचं घड्याळ टिकटिकत होतं.

पोस्टाच्या कोपऱ्यावर वाघमारे बाई भेटल्या. शाळेच्या पिशवीतून त्यांनी एक अंडं काढलं.

"ताई, बरं झालं भेटलात. तुमच्या मिरच्यांनी माझ्या कोंबड्यांना काय केलं ते सांगा आधी."

"कोंबड्यांना?"

"मावशींचा दुपारी डोळा लागला की ह्या भवान्या माळवदावर जायच्या. तवापासून दिवसभर पाणी पिऊलाल्यात, आणि अंडं फोडलं की बलक लालभडक! आमच्या सासूबाई म्हणायल्या, हे कुंकवाचं अंडं हाय, खाऊ नका. काल हेडमास्तरांच्या घरून डझनभर अंडी परत आली."

"चव कशी आहे?"

"चव झक्कास हाय. मी खाल्लं की. पण परभणीला पटवायचं कसं?"

मी ते अंडं मागून घेतलं. बाईंना वाटलं तपासायला. मी तिथूनच माघारी वळले. एका हातात तार, एका हातात अंडं, आणि मनात सेलूची गाडी.

सरांच्या टेबलावर मी तार ठेवली, आणि काचेच्या ताटलीत अंडं फोडलं. अंड्याला हात लावायची माझी ती पहिली वेळ. बलक असा लाल होता, की सर उठून उभे राहिले.

"हा क्रिलचा रंग आहे," सर म्हणाले. "कोंबडीनं क्रिल खाल्ल्याशिवाय हा रंग येत नाही. परभणीच्या कोंबडीला क्रिल मिळाला कुठं?"

मग मी सांगितलं. खांब, वास, मीठ, माळवद, मिरच्या, सगळं. सर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा लाल, पांढरा, पुन्हा लाल होत होता. शेवटी त्यांनी इतकंच विचारलं, "बर्फाचा कारखाना आठवला नाही?"

"नाही सर."

"गोळा खाताना तरी?"

"त्या दिवशी खाल्ला होता सर. तरी नाही आठवला."

सर खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. ते वळले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं खरं, पण ते हसण्याचं होतं. तार फाडून त्यांनी टोपलीत टाकली.

"किती आखडतो ते माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही सर."

"मलाही नाही. मग बघू या."

दुसऱ्या दिवशी सर स्वतः डोक्याला उपरणं गुंडाळून मावशीच्या माळवदावर हजर झाले. बर्फाच्या कारखान्यातला डबा टांग्यातून आणला. आम्ही लाकडी फळीवर खडूनं चौकोन आखले, एकेका चौकोनात मोजून एकेक ओला क्रिल ठेवला, तेच मीठ, तेच ऊन. वाळला की तोच क्रिल पुन्हा मोजायचा. ओल्या-वाळल्याचं प्रमाण एकदा हाती आलं, की माझे आखूड आकडे पुन्हा लांब करता येणार होते. कुरडई वाळून किती उरते याचा हिशेब आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्यात. त्यात आता देवमाशाचाही घास बसला.

मावशी जिन्यातून वर आली. सरांना बघून डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांच्यापुढं कुरडयांच्या गरम चिकाची वाटी ठेवली. मग फळीकडं बोट करून भोळ्या चेहऱ्यानं म्हणाली, "सर, पुन्हा मिरच्या? लय तिखट असतेय का ही जात?"

सरांनी चिकाचा घास गिळला, माझ्याकडं बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले. "मध्यम आहे, बाई."

"हं," म्हणून मावशीनं काठी उचलली आणि राखणीला बसली. या खेपेला तिनं दुपारी डोळा लागू दिला नाही. वाघमारे बाईंच्या कोंबड्या कठड्यावर ओळीनं बसून आशेनं बघत होत्या.

प्रमाण निघालं. आकडे दुरुस्त झाले आणि वरच्या थरातल्या आकड्यांशी जुळले. आकडे दुरुस्त कसे केले हे सरांनी खाली स्पष्ट लिहिलं, फक्त माळवदाऐवजी 'खुली जागा' आणि मावशीऐवजी 'देखरेख' असे शब्द घातले. बाकीच्यांच्या ढिगात आमचा तो चिमूटभर हिशेब गेला. त्याचं पुढं नेमकं काय झालं, मला ठाऊक नाही. पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात वाचलं की क्रिलला उपासमार झाली तर तो जिवंतपणीच आखडतो, लहान होतो. तेव्हा पुस्तक मिटून मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. आखडायला त्याला परभणीला यायची गरज नव्हती.

माझी नोकरी राहिली. जिनिंगवाल्यांनी दुसरीकडं जमवलं, घड्याळासकट. डबे संपले तशी पाटीही उतरली आणि मी त्याच कॉलेजात बेडकं, झुरळं, गांडुळं यांच्या संगतीत म्हातारी झाले. एक हुरहूर मात्र राहिली. ज्याचं जेवण मी इतकं मोजलं तो देवमासा मी अजून पाहिलेला नाही. नात फोनवर दाखवते, पण फोनमध्ये तो क्रिलएवढाच दिसतो.

सगळं निस्तरलं त्या संध्याकाळी मी माळवदावर रिकामी फळी धुवायला गेले होते. मावशी कुरडया डब्यात भरत होती. मला राहवलं नाही. सरांसारख्या माणसाला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं, हे मनाला लागलं होतं. म्हणाले, "मावशी, एक सांगायचंय. त्या मिरच्या..."

मावशीनं कुरडयांवरून नजरही उचलली नाही. म्हणाली, "गप बस, सांगू नको. तू सांगितलंस तर मला घर धुवून काढावं लागंल, आणि तुला सेलूला धाडावं लागंल. अगं येडे, मिरचीला डोळे असतात व्हय?"